राग की कळवळा

भट्टीवरची माणसं काकाजींना मांत्रिक समजत. छत्तीसगढात गावच्या मांत्रिकाला बैगा म्हणतात, म्हणून पाठीमागे त्यांचं नाव होतं बैगा साहेब. यात त्या माणसांची काही चूक नव्हती. आमच्या फाउंड्रीत प्रत्येक ढलाईचा, म्हणजे ओतकामाचा, नंबर साच्याच्या पेटीवर खडूनं लिहायचा असे. तो भट्टीवरचे साहेब म्हणून काकाजी लिहीत, आणि नंबराखाली आणखी काहीतरी लिहीत. हिंदी नाही, इंग्रजी नाही, गोलगोल वळणाची कसली तरी अक्षरं. एकदा त्यांना यायला उशीर झाला म्हणून नंबर मी लिहिला, तर मनराखन लेडल, म्हणजे लोखंड ओतायचं भांडं, धरायलाच तयार होईना. मनराखन आमचा भट्टीवरचा सगळ्यात जुना कामगार. त्यानं पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "पहिली साहब मंतर लिखही, तब ढलाई होही." म्हणजे साहेब आधी मंत्र लिहील, मग ढलाई. तिकडे भट्टीत लोखंड रटरटतंय आणि इकडे हे. मी डोक्याला हात लावून बसलो. काकाजी आले, ऐकून घेतलं, खिशातून खडू काढला, लिहिलं. ढलाई झाली.

मंत्र नव्हता तो. ग्रीक होतं. बायबलातला एक शब्द होता आणि काकाजी आठ वर्षं त्या शब्दाच्या मागे हात धुऊन लागले होते.

काकाजींना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. नावापेक्षा मुळात काय आहे ते पाहा, असं ते कशाबद्दलही म्हणत, भजी तळायच्या तेलाबद्दलसुद्धा. माणूस अचलपूरकडचा, मराठी ख्रिस्ती. भिलाईत ख्रिस्ती लोक काही कमी नाहीत. मल्याळी आहेत, तेलुगू आहेत, इथले छत्तीसगढी आहेत. पण प्रार्थना हिंदीत, गाणी हिंदीत, आणि काकाजी एका कोपऱ्यात मांडीवर मराठी बायबल उघडून बसणार. घरी काकू छत्तीसगढी बोलणाऱ्या. मराठीत भांडायला माणूस नाही, हे त्यांचं आयुष्यातलं मोठं दुःख होतं. ते दुःख मी नोकरीला लागलो त्या दिवशी दूर झालं. म्हणजे त्यांचं झालं. माझं तिथून सुरू झालं.

झालं असं की मी पहिल्याच दिवशी घरी आईला फोन करत होतो. "जेवून घेजो, मले उशीर होऊन राहिला." मागून आवाज आला, "मराठी हायेस का बे?" वळून पाहतो तो डोक्यावर पिवळी टोपी, कपाळावर काजळी, नाकावर दोरीनं बांधलेला चष्मा. मी हो म्हटलं. पुढचा प्रश्न नाव नाही, गाव नाही, डिप्लोमा कुठून केला तेही नाही.

"आतडं तुटते म्हणजे काय होते, सांग."

मला वाटलं, साहेबांच्या पोटात दुखतंय. मी म्हटलं, "ऍसिडिटी असंल. माझ्या बॅगेत गोळी हाय."

ते इतके रागावले की विचारू नका. मी पाहिलेला तो त्यांचा पहिला राग. अर्धा मिनिट भट्टीपेक्षा त्यांचाच ताप जास्त होता. आणि मग एकदम विझून ते म्हणाले, "घरी आईले विचारजो. पोटात तुटणं अन् कीव येणं, याच्यात काय फरक हाय. उद्या सांगजो."

मी विचारलं. आई पोळ्या लाटत होती. ती लाटणं न थांबवता म्हणाली, "कीव कोणाचीही येते. पोटात तुटते ते आपल्याच माणसासाठी." दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तर काकाजींनी वही काढून ते तारखेसकट उतरवून घेतलं आणि खाली माझ्या आईचं नाव लिहिलं. आईला आयुष्यात इतका मान कोणी दिला नव्हता. त्या दिवसापासून ते मला स्कूटरवरून नेऊ लागले. ते बोरसीतल्या घरून निघत, मी पद्मनाभपूरच्या कोपऱ्यावर उभा असे, आणि तिथून भिलाईच्या कारखान्यांच्या वस्तीपर्यंत माझं शिक्षण चाले. ते पुढे तोंड करून बोलत, अर्धं वारा नेई, उरलेलं अर्धं मला पुरून उरे.

तो शब्द काय होता ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

बायबलात एक कुष्ठरोगी येशूकडे येतो. गुडघे टेकतो आणि म्हणतो, तुमच्या मनात असलं तर मी बरा होईन. येशू हात पुढे करतो, त्याला शिवतो, तो बरा होतो. एवढीच गोष्ट. पण हात पुढे करायच्या आधी येशूला काय वाटलं, त्याचा एक शब्द आहे. बहुतेक सगळ्या जुन्या हस्तलिखितांत तो शब्द आहे स्प्लांख्निस्थेइस. म्हणजे कळवळून. ग्रीकमध्ये तो आतड्यांवरून आलेला आहे. काकाजींना याचा कोण आनंद. "आपल्या मराठीत हाय ना बे हे. आतडं तुटते. हिंदीवाल्याइले 'तरस खाना' म्हणून भागवा लागते, म्हणजे नुसती कीव." पण एका जुन्या ग्रीक प्रतीत आणि थोड्या लॅटिन प्रतींत त्या जागी भलताच शब्द आहे. ग्रीकमध्ये ऑर्गिस्थेइस. म्हणजे रागावून.

बस. राग की कळवळा. एवढ्यासाठी आठ वर्षं.

ग्रीक ते रद्दीतून आणलेल्या एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकावरून शिकले, आणि पुढे मोबाईलवर. आता त्या हस्तलिखितांचे फोटो मोबाईलवर पाहायला मिळतात. चहाच्या सुट्टीत काकाजी टोपीच्या सावलीत मोबाईल धरून एकेक अक्षर मोठं करून पाहत. अंगठ्याची काजळी काचेवर लागे, अक्षर दिसेना की ते शर्टाला काच पुसत, शर्टावर आणखी काजळी असे. मनराखन लांबून हात जोडून बसे.

"सांग," ते मला म्हणत, "तू जुन्या काळचा नकलकार हायेस. पुस्तकाची नकल करून राहिला. समोर लिहिलं हाय, येशू कळवळला. तू त्याचं रागावला करशीन का?"

"नाही."

"नाही करशीन. पण समोर रागावला असंल, तर तुले वाटन, बाप्पा, हे कसं. देवमाणूस अन् रागावला? मागच्याची चूक झाली असंल. सुधरून टाकू. मंग तू कळवळला लिहिशीन. म्हणून जे गिळायले जड असते ना, ते मुळातलं असते. गोड असते ते मागून कोणी घातलेलं."

वर आणखी पुरावा देत. बायबलात हीच गोष्ट आणखी दोघांनी सांगितली आहे, आणि त्या दोघांनीही नेमका हा शब्द गाळला आहे. कळवळा असता तर कोणी गाळलं असतं का? मी म्हणायचो, नाही गाळलं असतं. मग ते एकदम उदास होत. "पण मले ते तसंच पाहिजे हाय ना. मले पाहिजे हाय म्हणून तसं हाय, असं थोडी होते."

एकदा काय झालं, पंपाच्या बैठकीचा साचा तयार होता आणि काकाजी विचारात होते. साच्याच्या ओल्या वाळूत त्यांनी तारेनं तो शब्द लिहिला आणि विसरून गेले. ढलाई झाली. साचा फोडला तर लोखंडावर उठावदार ग्रीक अक्षरं, तीही उलटी. गिऱ्हाइकाचा तपासनीस आला, बोट फिरवून विचारू लागला, "ये कौन सा ग्रेड है?" आमचे मॅनेजर साहेब बिचारे सभ्य गृहस्थ. त्यांनी काकाजींकडे पाहिलं. काकाजी म्हणाले, "साहब, उल्टा है. सीधा पढ़ेंगे तो लिखा है, क्रोधित होकर." तपासनिसाला वाटलं त्याची थट्टा चाललीय. मॅनेजरनी ग्राइंडर मागवून अक्षरं घासून टाकायला लावली. ठिणग्या उडत होत्या आणि काकाजी हाताची घडी घालून उभे होते. मला म्हणाले, "पाह्य. पुसणारा कोणत्याही जमान्यात सापडतेच."

काकूंना विचारलं तर त्या एवढंच म्हणत, "एला गिरिक ह खा डारिस बेटा." याला ग्रीकनं खाल्लं. पण मोबाईलचं रिचार्ज संपलं की भरायच्या त्याच.

राग की कळवळा याची त्यांना एवढी तड का लावायची होती, ते मला वर्षभरानं कळलं. त्यांनीच सांगितलं, स्कूटर पंक्चर झाली होती आणि आम्ही ढकलत चाललो होतो, म्हणून सगळं ऐकू आलं.

ते जात त्या चर्चच्या कमिटीत होते. तिथे कुष्ठरोग्यांच्या वस्तीतला एक माणूस प्रार्थनेला येऊ लागला होता. बरा झालेला, पण बोटं गेलेली. कमिटीत कोणीतरी म्हणालं, त्याला प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा पेला वेगळा ठेवावा. काकाजी उठले आणि टेबलावर अशी मूठ हाणली की वरची काच फुटली. तो माणूस बाहेर ओट्यावरच बसला होता. त्यानं आवाज ऐकला, काच ऐकली, आणि तो जो उठून गेला तो परत आला नाही. काकाजी वस्तीत जाऊन आले. तो दाराआडून म्हणाला, साहेब, माझ्यामुळे भांडण नको.

"मी त्याच्यासाठीच रागावलो होतो ना बे," काकाजी म्हणाले. "पण तो कोणाले भेला? त्याइले नाही. मले भेला. तवापासून मी हा शब्द पाहून राहिलो. येशू खरंच रागावला असंल, तर तो महारोगी पळाला कावून नाही?"

 मी म्हटलं, पंक्चरवाला पुढं आहे.

खोटं कशाला सांगू, मला काकाजी आवडत होते, पण त्यांच्या रागाची मला धास्ती होती. नळ वाहता दिसला तर राग. हेल्मेट खांद्याला अडकवलेलं दिसलं तर राग. एकदा मला म्हणाले की तू ळ चा ल करून राहिला, हिंदीत सडून राहिला, आणि पद्मनाभपूरपर्यंत बोलले नाहीत. बरं, राग गेल्यावर माणूस इतका मऊ की त्याच्याशी भांडायचीही सोय नाही.

आता ती गोष्ट सांगतो.

त्या दिवशी ढलाईला उशीर झाला होता आणि भट्टीत माल कमी पडत होता. भंगार टाकायचं काम कामगारांचं, पण मी घाईत होतो, तेवीस वर्षांचा होतो आणि शहाणा होतो. ढिगातून हाताला येईल ते उचलून भट्टीत टाकत सुटलो. एक तुकडा उचलला, जड होता, बरा वाटला. स्कूटरचा जुना शॉकर, चाकाजवळची धक्के झेलणारी दांडी. भट्टीच्या तोंडाशी उभा राहून तो टाकणार एवढ्यात काकाजी धावत आले. काय झालं ते मला नीट कळलं नाही. हात रिकामा झाला, आणि डाव्या कानावर अशी थप्पड बसली की डोळ्यांपुढे अंधारी आली. टोपी उडून गेली. सगळे कामगार पाहत होते. काकाजी काहीतरी ओरडत होते पण मला फक्त शिट्टीसारखा आवाज येत होता. तो आवाज पुढे कित्येक दिवस गेला नाही. डॉक्टर म्हणाले, पडद्याला चीर गेली आहे.

घरी मी बाबांना सांगितलं. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यातून, म्हणजे प्लांटमधून, क्लार्क म्हणून रिटायर झालेले. हिंदी अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा प्लांटच्या वसाहतीत, त्यांच्या सेक्टरमध्ये, कोणी नव्हता. अर्जाशिवाय त्यांना करमतही नसे. त्यांनी चष्मा लावला आणि तक्रार लिहिली: अमुक यांनी क्रोधांध होकर मुझ पर हाथ उठाया. क्रोधांध हा शब्द त्यांना आवडला म्हणून तो त्यांनी दोनदा घातला. मी सही केली, बाबांनी अर्ज कारखान्यात नेऊन दिला. अपमान झाला होता, कान दुखत होता, सही करताना मला बरंच वाटलं.

चौथ्या दिवशी कामावर गेलो तर मनराखननं मला हाताला धरून भंगाराच्या ढिगाकडे नेलं. तो शॉकर त्यानं वेगळा काढून ठेवला होता. दोन्ही तोंडं बंद, आत तेल. "ए ह भट्ठी म जातिस त फूट जातिस," तो म्हणाला. भट्टीत गेला असता तर बॉम्बसारखा फुटला असता. मग त्यानं बाही वर केली. कोपरापासून खांद्यापर्यंत कातडी वितळून पुन्हा जमल्यासारखी. दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यात असाच बंद तुकडा भट्टीत गेला होता. लोखंड उडालं होतं. "ओ दिन कोनो थपरा नइ मारिस, बाबू," मनराखन म्हणाला. त्या दिवशी कोणी थप्पड मारली नाही.

 मी तसाच मॅनेजरांकडे गेलो आणि म्हटलं, तक्रार परत घेतो. ते म्हणाले, कागद मालकांकडे गेला, आता चौकशी होणारच. मालकांचा नियम सरळ होता, हात उचलणारा घरी जाणार. काकाजींची नोकरी तीन वर्षं उरली होती, आणि त्यांच्यासारखं भट्टीचं काम जाणणारा दुसरा माणूस आमच्याकडे नव्हता. मॅनेजरांनाही ते हवेच होते. त्यांनी डोकं खाजवलं आणि तोड काढली. "एक शब्द बदल दो. क्रोध हटाओ. लिखो, मुझे बचाने की हड़बड़ी में हाथ लग गया. वो भी यही लिख दें. बात ख़त्म."

एकच शब्द. मी तिथेच बसून नवा जबाब लिहिला. छान लिहिला, बाबांचाच मुलगा मी. आणि संध्याकाळी तो घेऊन बोरसीला गेलो.

काकू दारात होत्या. माझ्या कानातला कापूस पाहून त्यांचे डोळे भरले. आत जाऊन त्यांनी चहा टाकला. काकाजी खाटेवर बसले होते. चार दिवसांत माणूस उतरला होता. मी कागद दिला. त्यांनी चष्म्याची दोरी ताणून तो वाचला, पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा पोरगा झालो.

"हे नकलकाराचं काम हाय," ते म्हणाले.

"काकाजी, खरंच तर हाय ते. तुम्ही मले वाचवलं."

"वाचवलं. पण कवा वाचवलं? शॉकर हिसकला तवा. डाव्या हातानं हिसकला, मांगं फेकला. तू वाचला तवाच. मंग मी वळलो. तुह्या तोंडाकडे पाह्यलं. तुले काही समजलंच नव्हतं, तू हासून राहिला होता. मंग उजवा हात उचलला." त्यांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे पाहत बोलले. "आधी हिसकलं, मंग हाणली. मंग ते वाचवायची हडबड कशी होते?"

"मंग कळवळ्यानं हाणली असं समजा ना. आपल्याच माणसासाठी पोटात तुटते, माझ्या आईनंच सांगितलं होतं तुम्हाले."

"नाही. मी तपासून पाह्यलं. चार दिवस तेच करून राहिलो. कळवळा मागून आला, घरी आल्यावर. तवा राग होता. तुह्यावर होता."

मला रडू येत होतं आणि चीडही येत होती. मी म्हटलं, "नोकरी जाईन तुमची. एका शब्दासाठी."

आतून काकू म्हणाल्या, "लिख दे न, का होथे." लिहून टाका ना, काय होतं. त्या काकाजींना सहसा काही सांगत नसत. काकाजी उठून आत गेले, त्यांच्याजवळ बराच वेळ बसले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, माझा तो कान बंदच होता. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

"मी आठ वर्षं चुकीच्या जागी पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "राग का कळवळा, राग का कळवळा. अरे, पुढचा शब्द सगळ्याच प्रतीत सारखा हाय. त्याच्यात कोणाचंच भांडण नाही. त्यानं हात पुढं केला अन् शिवला. त्याचा हात उठला तो शिवायले उठला. माहा हाणायले उठला. म्हणून तो महारोगी पळाला नाही. अन् माह्यापासून तो बिचारा पळाला." मग माझा कागद त्यांनी घडी घालून माझ्या खिशात ठेवला. "आता मी लेकाचा इथं बसून राग पुसून टाकू, तर मंग आठ वर्षं काय शिकलो?"

चौकशी सोमवारी झाली. मालकांचा एक माणूस रायपूरहून आला होता. मॅनेजर होते, मी होतो, काकाजी धुतलेला शर्ट घालून आले होते. मी माझा गोड जबाब दिला. काकाजींनी आपल्या हातानं लिहून आणलेला कागद पुढे केला. दोन ओळींचा होता. मैंने क्रोध में आकर थप्पड़ मारी. उस समय उसकी जान को कोई खतरा नहीं रह गया था.

मॅनेजरांनी कपाळावर हात मारला. "अरे यार, एक शब्द की तो बात है."

"जी साहब," काकाजी म्हणाले. "एक ही शब्द की बात है."

रायपूरच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. दोन कागद जुळत नव्हते. त्यानं विचारलं, थप्पड आधी की शॉकर हिसकला ते आधी? मला आता सगळं आठवत होतं. काकाजींनी सांगितल्यावर एकेक करून आठवलं होतं. हात रिकामा झाला होता, मी हसत होतो, ते वळले होते. मी म्हटलं, "याद नहीं है, सर." काकाजींनी मान खाली घातली. मी त्यांना वाचवायला बघत होतो आणि त्या खोलीत त्यांना एकटं पाडत होतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी यायचं नाही असं ठरलं. पुढे ते बोरसीतच एका ग्रीलच्या दुकानात काम पाहायला जाऊ लागले. रविवारी मी जात असे, मराठीत भांडायला. कुष्ठरोग्यांच्या वस्तीत त्यांचं जाणं वाढलं. तिथल्या पोरांच्या सायकली ते दुरुस्त करून देत. शेवटपर्यंत मूळ शब्द कोणता हे त्यांनी ठरवलं नाही. मी डिवचून विचारायचो, तर म्हणायचे, "तू सांग. तू तर नकलकार." हे ऐकून काकू हसायच्या, मीही हसायचो.

पण त्या सोमवारी खोलीतून बाहेर पडलो तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. ते सायकल स्टँडकडे चालले होते, मी मागे मागे. भट्टीवरची माणसं कामं सोडून दारात उभी होती. काकाजी स्कूटरपाशी थांबले, वळले.

"कान दुखते का अजून?"

"नाही काकाजी. बरा हाय आता."

ते नुसते पाहत राहिले. रागावले नाहीत. माझ्याच्यानं ते पाहणं सहन होईना.

"दुखते," मी म्हणालो. "झोपू देत नाही. सगळ्याइच्या समोर मारलं तुम्ही मले. मले तुमचा राग येऊन राहिला काकाजी, अजूनही येऊन राहिला."

त्यांनी मान हलवली आणि उजवा हात पुढे केला. मी दचकून दोन पावलं मागे सरलो. ठरवून नाही, अंगच सरलं. सगळ्यांच्या देखत त्यांचा हात तसाच हवेत राहिला. तो त्यांनी मागे घेतला नाही, पुढेही आणला नाही. नखांत काजळी बसलेली होती. 

मग मीच पुढे गेलो आणि माझा कान त्यांच्या हाताखाली दिला.